दगड हलवून बघा

इम्तियाज कोकणींचं दुकान सारडा सर्कलच्या पुढे,
टायरवाल्याच्या बोळात.
आडनावात कोकण, पण समुद्र पाहिलाय
म्हणे दोनदाच, तोही ओहोटीचा.
इथे समुद्र पोत्यातून येतो, पंचवीस किलोंचा,
लिटरला पस्तीस ग्रॅम, तेही आरओच्या पाण्यात.
मासे येतात पहाटे, कसारा चढून.
ज्या पेट्यांतून आमची द्राक्षं घाट उतरतात
तसल्याच थर्माकोलच्या पेट्यांतून.

मला तो निळा हवा होता. ब्लू टँग,
शेपटीला हळद लागलेला.
"टाकी केवढी?"
तीन फुटी, म्हटलं. एकशेचाळीस लिटर,
दगड घातल्यावर एकशेवीस.
मी प्रेसमध्ये नोटांचे कागद मोजते,
आकडा चुकत नाही.

त्यांनी गिऱ्हाइकाचं स्टूल बाजूला सारलं.
"मॅडम, काउंटरपासून भिंतीपर्यंत चाला.
वळा.
चाला.
वळा.
आता हेच, दहा वर्षं."

पिशवीत तो दोन इंचांचा दिसतो.
एक फुटाचा होणार आहे, हे त्यालाही माहीत नाही.
"सहा फुटी टाकी घ्या,
नाहीतर त्याला बघायला इथे येत जा. चहा देईन.
विकणार नाही."

विकलं ते एवढंच: क्लाउनची जोडी,
एक गोबी, आणि गोबीबरोबर एक झिंगा,
जवळजवळ आंधळा.
झिंगा दिवसभर बीळ उकरतो,
गोबी दाराशी उभा.
झिंग्याची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली.
काही दिसलं की गोबी शेपूट थरथरवतो,
दोघेही आत.
"भाडं कोण कोणाला देतं,
ते अजून कुणाला कळलेलं नाही."

पण मी एक गोष्ट सांगितली नव्हती.
कॉलेज रोडवरून आणलेला एक डॅमसेल,
बोटाच्या पेराएवढा, स्वस्तातला,
तीन महिने एकटाच होता टाकीत.
कोकणींनी पिशवीची गाठ मारता मारता हात थांबवला.
"आधीपासून आहे?"
हो.
"मग टाकी त्याची झाली.
गरीब मासा आधी सोडायचा, भांडकुदळ शेवटी.
तुमचं उलटं झालंय."
मग हळू आवाजात, जणू फुकट द्यायचं नसलेलं काही:
"नवे सोडायच्या आधी दगड हलवून बघा.
सगळे.
जुन्याला स्वतःच्या हद्दी सापडेनाशा झाल्या
की त्या दिवशी तोही नवाच."

बाहेर निरभवणे स्कूटरला टेकून उभे होते.
एसटी वर्कशॉपमधले फिटर, सत्तावन्न वर्षांचे.
मी बावन्नची.
नोंदणी कार्यालयात सह्या केल्या
त्याला एकोणीस दिवस.
जेल रोडचा फ्लॅट माझा, अकरा वर्षं एकटीचा.
त्यांची ट्रंक अजून दारामागेच,
कडी लावलेली.
विचारून पाणी पितात.
पलंगाच्या काठावर झोपतात,
स्टँडवर गाडीची वाट बघत असल्यासारखे.

पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या.
बाही वर करून मी दगड उचलले,
गुहा होती तिथे भिंत केली, भिंतीची गुहा.
पाणी गढुळलं. डॅमसेल काचेपाशी येऊन
माझ्याकडे बघत राहिला.

गाळ बसेपर्यंत काय करायचं?
मी कपाटाला हात घातला.
"अहो, काय करताय?"
धरा त्या बाजूने, म्हटलं.
पलंग खिडकीखाली. टेबल मधे.
ट्रंक उघडून पलंगाच्या पायथ्याशी.
पाठ भरून आली दोघांची,
मग जमिनीवर बसूनच शेव-मुरमुरे खाल्ले.

रात्री उठले पाणी प्यायला,
आणि माझ्याच घरात माझा गुडघा आपटला.
अंधारातून आवाज:
"डावीकडून या.
तिथे टेबल आहे."